उभ्या गाडीचा आनंद



या रविवारी थोडा वेगळा विषय घेत आहोत. वाचून काहींना हसू येईल. येऊ द्या. प्रश्न असा आहे: जी वस्तू आज वापरायची नाही, तिच्याजवळ नुसते बसून माणसाला जो आनंद होतो, तो खरा आनंद म्हणायचा का? आणि खरा असेल, तर त्यात काही वावगे आहे का?

उदाहरण लांबचे आहे. जर्मनी, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग अशा थंड मुलखात ज्यांच्याकडे स्पोर्ट्‌स कार असते, ते लोक ती साधारण नोव्हेंबरात गॅरेजमध्ये ठेवून देतात आणि एप्रिलच्या सुमारास बाहेर काढतात. त्याला कारणे आहेत. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खालून खाते. अशा गाडीच्या उन्हाळी टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होते आणि रस्त्यावरची पकड जाते. जर्मनीत तर १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या टोकाला एकाखाली एक असे दोन आकडे असतात. वरचा गाडी बाहेर काढण्याचा महिना, खालचा ती आत ठेवण्याचा. मधले महिने सोडून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही आणि तिथे उभीही करायची नाही. करसुद्धा तेवढ्याच महिन्यांचा.

मग उरलेले पाच-सहा महिने मालक काय करतो? रात्रीचे जेवण झाले की गॅरेजमध्ये जातो. आच्छादन अर्धे बाजूला करतो. कपड्याने पत्रा पुसतो, पुसण्यासारखे काही नसले तरी. कधी दार उघडून स्टिअरिंगमागे बसतो. इंजिन सुरू करत नाही. चामड्याचा वास घेतो, पाच-दहा मिनिटे बसतो, उतरतो, आच्छादन सारखे करतो आणि दिवा मालवून घरात येतो. बाहेर बर्फ पडत असतो. तो खूश असतो.

आपल्याकडे सगळेच उलटे. कर्जतला थंडी म्हणजे गाडी चालवण्याचे सर्वांत चांगले दिवस. हुरडा सुरू असतो, उसाच्या ट्रॉल्या धावत असतात, रस्ते कोरडे. मुंबई-पुण्याकडे ज्यांच्याकडे अशा बुटक्या गाड्या आहेत ते पावसाळ्याचे चार महिने त्या झाकून ठेवतात, कारण खड्ड्यात पाणी साचले की खड्डा किती खोल आहे ते कळत नाही आणि गाडीचे पोट जमिनीपासून वीतभरच वर असते. आपल्या चर्चच्या आवारात रविवारी मोटारसायकली लागतात, दोन-चार जीपगाड्या, एखादा ट्रॅक्टरही. स्पोर्ट्‌स कार आजवर आलेली नाही. म्हणून हा प्रश्न आपला नाही असे कोणाला वाटेल. पण तो आपल्याच एका घरात निघाला.

प्रार्थनेनंतर चहाला बसलो होतो. त्या घरचा मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याने आपल्या जर्मन साहेबाची ही गोष्ट सांगितली आणि विचारले, “फादर, चालवत नाही त्या गाडीत बसून कसला आनंद होतो ओ यांना?”

आम्ही तोंड उघडण्याआधी त्याच्या मावशी म्हणाल्या, “पैसा झाला की असलं सुचतं. अरे, भाकरीकडं बघून कुणाचं पोट भरतंय व्हय?”

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले एक आजोबा हसले नाहीत. बशी खाली ठेवून ते म्हणाले, “भाकरीकडं बघून न्हाय भरत. बैलाकडं बघून भरतं.”

त्या दिवशी चर्चा तिथेच थांबली, पण आमच्या डोक्यातून ती गेली नाही. मावशी आणि आजोबा दोघेही फार जुन्या वादाच्या दोन बाजू बोलून गेले होते. सेमिनरीत असताना आम्ही त्यावर जाडजूड पुस्तके वाचली होती. इतक्या थोडक्यात ते कोणी मांडलेले आठवत नाही.

मावशींच्या बाजूने पहिला साक्षीदार ॲरिस्टॉटल. भाषणकलेवरच्या आपल्या ग्रंथात संपत्ती म्हणजे काय हे सांगताना तो म्हणतो की श्रीमंती वस्तू बाळगण्यात कमी आणि वापरण्यात जास्त असते. वापर हीच संपत्तीची खरी हालचाल. या हिशेबाने गॅरेजमधला माणूस सहा महिने गरीबच. त्याच्याकडे गाडी आहे खरी, पण गाडीपण नाही.

दुसरे साक्षीदार अधिक कडक आहेत. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप असलेले संत बेसिल यांनी, कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन केले होते. त्यात ते सांगतात की पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे आणि घरात कुजत पडलेले जोडे अनवाणी माणसाचे आहेत. ठेवून दिलेली वस्तू निर्दोष नसते, तिच्यावर कोणाचा तरी हक्क असतो. दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. २०१८-१९ साली जनावरे छावणीत बांधून ज्यांनी तिथेच रात्री काढल्या, त्यांना एखाद्याच्या झाकलेल्या कोठारातली वैरण कशी दिसते हे विचारून पाहा.

कोणी म्हणेल, अंगरखा आणि गाडी यांत फरक आहे. गाडी कोणाच्या अंगावर पांघरता येत नाही. बरोबर आहे, पण ती विकून आलेले पैसे पांघरता येतात. म्हणून त्या मालकाची बेसिल यांच्याकडून सुटका नाही. आमचे म्हणणे इतकेच की हा प्रश्न खरेदीच्या वेळेचा आहे. इतकी महाग वस्तू घ्यावी का, घेताना कोणाच्या तोंडचा घास काढून घेतला का, हे दुकानात शिरण्याआधी विचारायचे. नंतर विचारले तरी चालेल, विचारलेच पाहिजे. पण तो वेगळा प्रश्न आहे आणि दोघांची गल्लत केली की एकाचेही उत्तर मिळत नाही. गाडी घेणे बरोबर होते असे घटकाभर धरून चालू या. मग तिच्याजवळ बसून मिळणाऱ्या आनंदाचे काय?

इथे संत ऑगस्टीन यांची आठवण होते. वस्तू वापरणे आणि वस्तूत रमणे, असे दोन भाग त्यांनी केले. काही गोष्टी पुढे पोहोचण्यासाठी वापरायच्या असतात. रमायचे ते फक्त शेवटच्या मुक्कामी, देवाच्या ठायी. आणि यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण वाहनाचेच आहे. घराकडे निघालेला प्रवासी वाटेच्या शोभेत आणि वाहनाच्या डोलण्यात इतका रमतो की प्रवास संपूच नये असे त्याला वाटू लागते आणि घर विसरून जाते. सोळाशे वर्षांपूर्वी, बैलगाड्या आणि घोड्यांच्या रथांच्या काळात, त्यांनी हे लिहिले. गंमत अशी की त्यांना भीती वाटली ती चालत्या वाहनाची. गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीत बसून कोणी कुठेच जात नाही आणि तरी रमतो, याबद्दल ते काही बोललेले नाहीत.

थॉमस अक्वायनस यांच्याकडे थोडी जागा सापडते. त्यांनी विचारले की आनंद फक्त हाती आलेल्या गोष्टीचाच असतो का? त्यांचे उत्तर असे की पुरा आनंद हाती आलेल्याचा. पण जे अजून हाती नाही, मात्र मन ज्याच्या दिशेने निघाले आहे, त्याचाही आनंद असतो. तो अपुरा असतो, खोटा नसतो. ते बोलत होते माणसाच्या अंतिम ध्येयाबद्दल, गाडीबद्दल नव्हे. तरी वरचे लहान आनंदही त्याच साच्यातले असावेत असे आम्हांला वाटते.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. घरात ज्वारीची पोती असतात आणि एका बाजूला बियाण्याची ज्वारी वेगळी बांधलेली असते. ती खायची नाही, विकायची नाही, आणि पेरायची वेळ आलेली नाही. घरधनी अधूनमधून गाठ सोडून मूठभर दाणे तळहातावर घेतो, किडा लागला का बघतो, परत बांधतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असते तो आनंद नाही तर काय? आणि त्याला कोणी साठेबाज म्हणत नाही. कारण त्या पोत्याला तारीख आहे. पाऊस पडला, वाफसा आला की ते पोते रिकामे होणार. जर्मन गाडीच्या नंबरप्लेटवर छापलेले दोन आकडे आम्हांला त्यासाठी आवडतात. सरकारने करासाठी छापले असतील, पण त्या आकड्यांमुळे ते ठेवणे ही एक मुदत होते. धनलोभ्याच्या तिजोरीवर असे आकडे नसतात.

आता आजोबांकडे येतो. नंतर त्यांच्याकडे मुद्दाम गेलो. बैलगाडा शर्यतीचा बैल म्हणजे काय हे आम्हांला त्यांच्याकडून समजले. खिल्लार जातीचा, पांढराशुभ्र, लांब शिंगांचा. कामाच्या बैलासारखा औताला जुंपायचा नाही. त्याला दूध, अंडी, कणकेचे गोळे. रोज चालवून आणायचे, अंग चोळायचे, नदीवर किंवा विहिरीवर धुवायचे. जत्रांचा हंगाम आला की काही सेकंदांची धाव. बाकी सगळे वर्ष गोठा. म्हणजे आपल्या भागातली स्पोर्ट्‌स कार तीच.

मग मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. जनावरांना चाबूक, टोचणी, कधी विजेचे झटके, हे सगळे न्यायालयापुढे आले होते आणि ती तक्रार खोटी नव्हती. राज्य सरकारने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, पण उच्च न्यायालयाची स्थगिती आली. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. म्हणजे सात-साडेसात वर्षे ते बैल गोठ्यात होते आणि त्यांच्या पाटीवर बाहेर पडण्याचा महिना छापलेला नव्हता. पुष्कळांनी बैल विकले. काहींनी ठेवले. दावणीला उभ्या बैलाचा खर्च काय असतो हे आपल्याला माहीत आहे.

आजोबांचा बैल ठेवलेल्यांपैकी होता. पण इथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती, ती त्यांनी सहज सांगितली. बैल त्यांचा नव्हता. ते दुसऱ्याच्या गोठ्यावर गडी होते. मालक आठवड्यातून एकदा येऊन बघून जायचे, पाठीवर थाप मारायचे. बाकी सगळे आजोबा. पहाटे उठून शेण काढणे, वैरण टाकणे, खरारा करणे. संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसायचे आणि बघत राहायचे. “मालकास्नी शर्यत पाहिजे होती,” ते म्हणाले, “मला बैल दिसला की बास होतं.” बंदी उठली तोवर बैलाचे धावण्याचे वय उलटून गेले होते. मालक हळहळले. आजोबांना त्याचे फारसे काही वाटले नाही.

हे ऐकून आमची ॲरिस्टॉटलची मांडणी विस्कटली. तिथे मालकी आणि वापर अशा दोनच बाजू होत्या. आजोबांकडे दोन्ही नव्हते. बैल त्यांच्या मालकीचा नाही, त्यांनी तो शर्यतीत कधी हाकला नाही. तरी बैलाचा आनंद घरात जास्तीत जास्त कोणी घेतला असेल तर त्यांनी. तेव्हा तिसरे काहीतरी आहे. आम्ही त्याला राखण म्हणतो. उभ्या वस्तूचा आनंद हा राखणीचा आनंद असतो. मालकाला तो मिळतो तेव्हा तो मालक म्हणून मिळत नाही, राखणदार म्हणून मिळतो.

बैलाच्या बाबतीत हे पटकन पटते, कारण तो जिवंत आहे. त्याला भूक आहे, दुखणे आहे, आणि त्याचे स्वतःचे भले आहे जे आपल्या आनंदापेक्षा मोठे आहे. म्हणूनच तर न्यायालयाला मध्ये पडावे लागले. गाडीला यातले काही नाही. तिला आपली राखण केली जाते हे कळत नाही. पण राखणाऱ्याला कळते. आणि उभ्या गाडीला काम नसते असे कोणाला वाटत असेल, तर त्या चाकणच्या मुलाने आम्हांला दिलेली यादी ऐका.

गाडी चालून झिजते तशी उभी राहूनही झिजते, फक्त वेगळ्या रीतीने. घड्याळ, कुलपे, अलार्म थोडी थोडी वीज ओढत राहतात आणि बॅटरी बसते. म्हणून बारीक करंटचा चार्जर लावून ठेवावा लागतो. सगळा भार महिनोन्‌महिने एकाच जागी पडून टायर खालून चपटे होतात. म्हणून हवा थोडी जास्त भरतात. हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक चिकटून बसतात. म्हणून तो सोडून चाकाला लाकडाचा ठोकळा लावतात. टाकी अर्धी ठेवली तर मोकळ्या जागेतल्या हवेतली ओल धरते. म्हणून टाकी भरून ठेवतात. जुन्या ऑइलमध्ये साठलेली आम्ले आतला धातू खातात. म्हणून गाडी ठेवण्याआधीच ऑइल बदलतात, काढताना नव्हे. उंदीर वायरी कुरतडतात आणि सायलेन्सरच्या नळीत घर करतात. म्हणून तिच्या तोंडात बोळा घालतात, आणि तो काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतात. ही चिठ्ठी आम्हांला फार आवडली.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे इंजिन सुरू न करणे. मालकाला आवाज ऐकायचा असतो. जाणकार सांगतात की दोन मिनिटांसाठी सुरू करून बंद करू नका. इंजिन पुरते तापत नाही, धुरातली वाफ थंड होऊन आत पाणी धरते आणि गंज चढतो. म्हणजे ज्या आवाजासाठी गाडी घेतली, तो आवाज त्याने हिवाळाभर मागायचा नाही. मागितला तर गाडीचेच नुकसान. इतका संयम माणूस प्रायश्चित्तकाळातही पाळत नाही, असे आपले आमचे निरीक्षण. गडी बैलाला धावायला लावत नाही, तसाच हा. मग मावशींचे म्हणणे पुरते खरे राहत नाही. पैसा झाला म्हणून गाडी येते, पण पैसा झाला म्हणून माणूस रात्री फडके घेऊन गॅरेजमध्ये जात नाही. पैसेवाले त्यासाठी नोकर ठेवतात. आणि नोकर ठेवला की आनंद नोकराकडे जातो, हे आजोबांनी दाखवून दिलेच आहे.

महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असलेली स्पोर्ट्‌स कार बहुधा एकच, सचिन तेंडुलकर यांची लाल फेरारी. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी त्यांनी बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाट कंपनीने ती भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकर यांच्या हस्ते. गाडी भारतात आणताना आयात शुल्काचा वाद झाला. शुल्क एक कोटीहून अधिक होते, ते माफ करावे की नाही यावर देशभर बोलले गेले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते कंपनीने भरले. २०११ मध्ये त्यांनी गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली, तेव्हाही लोक नाराज झाले. आम्हांला शुल्काच्या वादापेक्षा ही नाराजी जास्त विचार करण्यासारखी वाटते. ती गाडी ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांनाही ती गेल्याचे दुःख झाले. म्हणजे मुंबईतल्या एका गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचा आनंद खेडोपाडी लोक नऊ वर्षे घेत होते. पुढच्याच वर्षी ‘फरारी की सवारी’ हा चित्रपट आला. त्यात एक साधा कारकून मुलाच्या क्रिकेटसाठी पैसे उभे करायला तीच गाडी एका लग्नाच्या वरातीसाठी नेतो, असे दाखवले होते.

पण हा आनंद आणि गॅरेजमधल्या माणसाचा आनंद एक नाही, हेही सांगितले पाहिजे. लोकांच्या आनंदात राखण नव्हती, नुसते आपल्या माणसाचे कौतुक होते. ते वाईट नाही. वाईट व्हायला सुरुवात होते ती दुसऱ्या टोकाने, जेव्हा मालकाला लोकांच्या नजरेवाचून आपली वस्तू गोड लागेनाशी होते. बंद गॅरेजचा एक मोठा गुण म्हणजे तिथे टाळ्या वाजवणारे कोणी नसते. फडके हातात असलेल्या माणसाने खिशातून मोबाईल काढला, गाडीसोबत स्वतःचा फोटो घेतला आणि चारशे जणांना पाठवला, की त्या क्षणापुरते गॅरेज चौकात आले असे समजावे.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात शाळेच्या सहली जातात. १९९४ मध्ये ते सुरू झाले. तिथे जुनी रोल्स-रॉईस चिलखती गाडी आहे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन रणगाडे आहेत, सगळे रंगवून, पुसून ओळीने मांडलेले. त्यांच्याही पाट्यांवर बाहेर पडण्याचा महिना नाही आणि तो नसावा हेच बरे. उभे राहणे हेच ज्याचे भले, अशी यंत्रे थोडीच. मुले त्यांच्यापुढे हरखून जातात. मुलांना त्यावरून रागवू नये.

आता जे सांगायचे आहे ते गाड्यांपासून जरा दूरचे, पण आम्हांला जास्त जवळचे.

धर्मगुरूला मयताच्या घरी जावे लागते. अंत्यविधी झाल्यावर काही दिवसांनी घरातली माणसे गेलेल्या बाईची ट्रंक उघडतात. अनेक घरांत आम्ही हे पाहिले आहे. तळाशी एक साडी निघते. कधी मुलाच्या पहिल्या पगाराची, कधी माहेरची. कधीही न नेसलेली. घड्यांच्या जागी रंग फिका झालेला, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. लेक ती हातात घेऊन रडते, “आईनं एकदासुद्धा नेसली नाही.” त्या वेळी आमच्याकडे शब्द नसतात. ॲरिस्टॉटलचे म्हणणे त्या वेळी कसे बोचते हे काय सांगावे.

एका घरी अशीच लेक रडत असताना शेजारच्या बाई म्हणाल्या, “नेसली न्हाय, पण दर उन्हाळ्यात उन्हात घालायची ना. बाजेवर पसरायची आन्‌ शेजारी बसून राहायची, कावळा बसंल म्हणून. तवा तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तू.” लेक गप्प झाली. तिला हे माहीत नव्हते. ती पुण्याला असायची.

आम्ही वर मुदतीची कसोटी सांगितली. बियाण्याला तारीख असते, धनाला नसते. ती कसोटी या साडीला लावली तर साडी नापास होते, आणि ते आम्हांला मान्य नाही. तारीख नसूनही त्या माउलीने साडीचा आनंद घेतला, वर्षातून एक दुपार का होईना. राखणीचा आनंद तो हाच. मात्र त्यात एक काटा आहे. जर्मन साहेब गाडी ठेवतो ती रस्त्यावर मीठ आहे म्हणून. गाडीत बसायला आपण लायक नाही असे त्याला वाटत नाही. आपल्या बाया साडी ठेवतात तेव्हा पुष्कळदा आतून वाटत असते, की इतके चांगले आपल्या अंगाला कशाला? लेकीच्या लग्नात नेसू. नातवाच्या बाप्तिस्म्याला नेसू. ते दिवस येतात आणि त्या दिवशीही जुनीच नेसली जाते. इथे वस्तू जपली जात नाही, माणूस मागे ठेवला जातो. दोन ट्रंका बाहेरून सारख्याच दिसतात. कोणती कशासाठी बंद आहे, हे घरच्यांनाच कळू शकते, आणि तेही विचारले तर.

थॉमस यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हे प्रत्येकाने आपापले करावे, यात गैर नाही. पण वापराच्या बाबतीत ती सगळ्यांची आहे असे धरून, गरजवंताला सहज देता यावी. सांभाळणाऱ्याला मालक म्हणण्यापेक्षा राखणदार म्हणणे त्यांनाही चालले असते असे वाटते. त्या साड्यांपैकी काही पुढे कोणाकोणाच्या अंगावर गेल्या. एक आम्ही रविवारी मिस्साला पाहतो. घड्यांच्या रेघा अजून दिसतात.

राहिला चाकणचा मुलगा. त्याला मध्यंतरी विचारले, तुझ्या साहेबाची गाडी निघाली का बाहेर? म्हणाला, एप्रिलच्या पहिल्याच रविवारी निघाली, साहेबांनी सुट्टी तेवढ्यासाठी घेतली होती. स्टिअरिंगची चिठ्ठी सोडली, नळीतला बोळा काढला, हवा बरोबर केली. ब्रेकच्या चकत्यांवर गंजाची पातळ साय धरली होती, पहिल्या दोन-चार वेळा दाबल्यावर खरखर झाली आणि गेली. टायर मात्र सुरुवातीचे काही किलोमीटर धडधडत होते. इतके महिने एकाच बाजूवर उभे राहिलेले. मग चालून चालून गरम झाले आणि गोल झाले.

आपले,
धर्मगुरू